ब्रिटनमधल्या गावाचा जुना फोटो नेमका कधीचा, हे कसं ओळखायचं

इंग्लंडात कुठल्याही लहान गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलात की एका खोक्यात गावांचे फोटो छापलेली जुनी पोस्टकार्डं भरलेली असतात. मला व्हिटबीचं, म्हणजे यॉर्कशरमधल्या समुद्राकाठच्या गावाचं, एक मिळालं, मागे कोणीतरी पेन्सिलीने 1890 लिहिलेलं. ते चूक निघालं, आणि ते कसं कळलं हेच सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या गावासाठी करता येईल.

फोटोत दिसणाऱ्या गोष्टी जुन्या नकाशाशी ताडून बघायच्या, म्हणून आधी नकाशा कुठला घ्यायचा ते ठरवा. जॉन स्पीडचे 1611-12 चे काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) नकाशे दिसायला फार सुंदर, कोपऱ्यात गावाचा छोटा प्लॅन, डोंगर म्हणजे वारुळासारखे उंचवटे, पण त्यात रस्ते जवळजवळ नाहीतच, त्यामुळे ते भिंतीवर लावायला घ्या, फोटोसाठी उपयोग नाही. आपल्याला हवेत ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे, त्यातही जमिनीवरच्या एका मैलाला कागदावर 6 इंच आणि त्याहून बारीक 25 इंचवाले. 25 इंचीवर एकेक घर सुटं दिसतं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर हे फुकट बघता येतात, नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंड-वेल्सचेही आहेत, आणि जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून स्लायडरने फिका-गडद करता येतो, तिथे माझे तासन्‌तास जातात.

शीट उघडली की पहिल्यांदा समासातली बारीक अक्षरं वाचा. सर्व्हे कधी झाला आणि छापली कधी ही दोन वेगळी वर्षं असतात, कधी मध्ये बरीच वर्षं जातात, आणि आपल्याला सर्व्हेचं वर्ष धरायचं. जुन्या एक इंचीवर तर रेल्वे नंतर घुसवलेली असते, त्यामुळे नुसती रेल्वे दिसली म्हणून नकाशा तेव्हाचा असं धरू नका. काउंटीही बघा, बोर्नमथ आज डॉर्सेटमध्ये आहे पण 1974 पर्यंत हॅम्पशरमध्ये होतं, जुन्या शीट्स तिथेच सापडतील. नकाशावर पी.एच. म्हणजे पब, एल.बी. म्हणजे पत्रपेटी, एफ.बी. म्हणजे पायी जायचा पूल. फोटो कुठे उभं राहून काढला ते शोधताना पब फार कामाला येतो कारण तो सहसा जागा बदलत नाही.

आता फोटो. यात अशा गोष्टी शोधा ज्यांचं बांधल्याचं किंवा पडल्याचं वर्ष ठाऊक आहे. व्हिटबीला ॲबीचा (जुन्या ख्रिस्ती मठाचा) मधला मनोरा 1830 ला कोसळला, म्हणजे मनोरा उभा दिसला तर तो फोटो असूच शकत नाही, चित्र आहे. एस्क नदीवरचा लारपूलचा विटांचा उंच रेल्वे पूल 1880 च्या दशकातला, यॉर्कशरच्या पहिल्या सहा इंची शीटवर तो नाही, नंतरच्या 25 इंचीवर आहे. बंदरातला आत्ताचा फिरता पूल 1908 चा. वेस्ट क्लिफ या कड्यावरचा दर्यावर्दी कॅप्टन कुकचा पुतळा 1912 चा. अशी यादी आपल्या गावाची एकदा करून ठेवली की पुढे फार सोपं जातं.

कार्डाची मागची बाजू विसरू नका. मजकूर आणि पत्ता दोन्ही मागेच असतील तर कार्ड 1902 नंतरचं. अर्ध्या पेनीचं तिकीट असेल तर साधारण जून 1918 च्या आधी टाकलेलं, कारण तेव्हा दर एक पेनी झाला. मात्र एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं छापायचे, म्हणून शिक्क्यावरून फक्त एवढंच कळतं की फोटो त्याच्या आधीचा.

माझ्या कार्डावर भिंगातून बघितलं तर डावीकडे कड्यावर कुक उभा होता, अंगठ्याच्या नखाएवढाही नाही, पण आहे. तिकीट अर्ध्या पेनीचं. आता मागे 1890 च्या खाली मी लिहिलंय, पेन्सिलीनेच: 1912 ते 1918, पुतळा व तिकीट बघून.