दाराखालचा फोड लहान नसतो: एमजीबीचा गंज घरी काढताना या चुका टाळा

जुनी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बघायला गेलं की दाराखालच्या रंगावर एखादा फोड हमखास दिसतो. आपण मनात म्हणतो, एवढंच ना? शनिवारचं काम. मीही तेच म्हणालो होतो. इंग्लंडमध्ये आल्यावर हौसेनं घेतलेली ती उघड्या टपाची गाडी होती. घरी आणून स्क्रूड्रायव्हरनं फोड खरवडला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनली आणि पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे तिचे बहुतेक पत्रे आजही नवे मिळतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे पत्रे बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनीनं तर १९८८ मध्ये मूळ साच्यांवर अख्खी बॉडी बनवायला घेतली. सामानाची वानवा नाही. घोटाळा होतो तो काम कुठून सुरू करायचं, तिथे.

दिसतो तोच गंज, असं समजणं

या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. सगळा भार बॉडीवर, आणि त्यातला मोठा वाटा दाराखालच्या आडव्या पेटीवर, म्हणजे सिलवर. सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, मध्ये उभा पडदा, आतला पत्रा आणि खालून कंगोऱ्यांची पट्टी, जिला तिकडे ‘कॅसल रेल’ म्हणतात. पुढच्या चाकानं उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात साठतो. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, ते त्या चिखलात मुरतं आणि ओल धरून ठेवतं. पत्रा आतून बाहेर खात येतो. बाहेर फोड दिसतो, तेव्हा मधला पडदा बहुधा संपलेला असतो.

इथली सगळ्यात महागडी चूक म्हणजे जुन्या सिलवर नुसता वरून पत्रा चढवणं. बाहेरचा सिल पुढच्या मडगार्डखाली आणि मागच्या मडगार्डच्या आतपर्यंत जातो. बाजारात मिळणारा ‘कव्हर सिल’ फक्त दारांमधला दिसणारा भाग झाकतो. आतली कूज तशीच राहते, वर ओल अडकायला नवी फट मिळते. आमच्याकडे कोकणात गणपतीच्या आधी खिडकीच्या गजांवर गंजासकट रंग फासतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त त्या गजांवर ताशी ९० किलोमीटरनं कुणी बसलेलं नसतं.

पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे. ते काढा आणि मगच काम किती आहे ते ठरवा. मागचं वेल्ड केलेलं असतं, त्याचा खालचा भाग कापावा लागेल हे आधीच धरून चाला.

टेकू न देता सिल कापणं

ही चूक मी स्वतः केली. कुजका सिल कापला, दुपारचा चहा घेतला, आणि परत येऊन पाहतो तर दार लागेना. टप नसलेल्या गाडीत सिल कापला की बॉडी मधोमध खाली बसते आणि दाराची चौकट वरच्या बाजूला आवळते. तशा स्थितीत नवा सिल वेल्ड केलात तर तो बाक कायमचा.

ग्राइंडर हातात घेण्याआधी बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचा आधार तात्पुरता वेल्ड करा. एका वेळी एकच बाजू कापा. गाडीचं वजन चाकांवर असताना जिथे पडतं त्याच जागी स्टँड लावा. कुजक्या सिलखाली जॅक लावला तर तो थेट आत घुसतो. दाराच्या फटी कापण्याआधी मोजून भिंतीवर लिहून ठेवा. नवा पत्रा क्लँपनं धरा, दार लावून बघा, वेल्डिंगचे चार छोटे टाके मारा, पुन्हा दार लावून बघा. कंटाळवाणं आहे, पण टाका तोडता येतो, पूर्ण वेल्ड तोडताना रडू येतं.

चकाकतं म्हणजे साफ झालं

तारेचा ब्रश गंजाला पॉलिश करतो. पत्रा काळसर चमकायला लागतो आणि खड्ड्यांतला गंज तिथेच राहतो. गंजावर लावायचं फॉस्फरिक आम्लाचं कन्व्हर्टर गंजाचा वरचा पातळ थर बदलतं. पापुद्रे सुटणाऱ्या पत्र्यावर त्याचा उपयोग नाही. हातोडीनं टोकून बघा. आवाज बोदा आला किंवा पत्रा चुरगळला तर तो कापायचाच, आणि करकरीत पत्रा लागेपर्यंत कापायचा. भोकावर जाळी लावून पुट्टी भरणं हे तर दुरुस्तीत मोडतच नाही. पुट्टी ओल शोषते आणि पाठीमागून गंज पुन्हा सुरू होतो. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणी (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का, याची) सक्तीची नाही. म्हणून ही पुट्टी हल्ली कुणाला सापडतही नाही. गाडी सुस्थितीत ठेवायची जबाबदारी मात्र मालकाचीच.

वेल्डिंग बिघडतंय?

पत्रा साधारण एक मिलिमीटरचा, त्याला ०.६ मिलिमीटर तारेचं मिग मशीन (तार आणि गॅस वापरणारं वेल्डिंग मशीन) पुरतं. भोकं पडत असतील तर करंट जास्त आहे, दोन पत्र्यांत फट आहे, किंवा तुम्ही अजून कुजक्या पत्र्यावरच आहात. बहुतेक वेळा तिसरं कारण. जोड फेसाळ, छिद्रांचा येत असेल तर रंग नीट खरवडला नाही, किंवा गॅरेजच्या उघड्या दारातून वारा गॅस उडवतोय. पत्रा लाटेसारखा वाकला तर एका दमात लांब रेघ ओढलीत. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचं.

बॅटरी सीटच्या मागे, फरशीखाली असते. वेल्डिंगआधी ती काढा, अल्टरनेटर असेल तर त्याचाही प्लग काढा. डिकीच्या खाली पेट्रोलची टाकी आहे. मागच्या भागात काम असेल तर ती उतरवून गाडीपासून लांब नेऊन ठेवा, ओला फडका टाकून भागत नाही. आणि पत्रा पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

रंगाची घाई, मेणाचा आळस

साधा प्रायमर पाणी अडवत नाही. ‘सध्या प्रायमर मारून ठेवतो, उन्हाळ्यात रंग करू’ म्हणणाऱ्याला उन्हाळ्यात प्रायमरखाली तपकिरी ठिपके मिळतात. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर जोडांना सीलर, मग रंग. खालून डांबरी थर जाड थापू नका. तो तडकतो आणि मागे पाणी धरतो.

सिलच्या पोकळीत गंज रोखणारं मेण सगळं वेल्डिंग आणि रंग झाल्यावरच भरायचं. आधी भरलं तर पुढच्या ठिणगीला ते पेटतं. डबा गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करा, लांब नळीनं पडद्याच्या दोन्ही बाजूंना फवारा. पहिल्या उन्हाच्या दिवशी गाडी बाहेर काढून खाली जुना पुठ्ठा पसरा. निचऱ्याच्या भोकांतून मेणाचे थेंब पडायला हवेत. ज्या भोकाखाली पुठ्ठा कोरडा दिसेल, तिथे तार घालून वाट मोकळी करा.