रेल्वेवरच्या टपाल तिकिटांचा अल्बम पावसाळ्यात जपताना

आगोटीच्या कामांत अल्बमही धरा. कोकणच्या दमट हवेत न वापरलेल्या तिकिटांचा डिंक ओल धरतो आणि तिकीट पानाला चिकटतं. ओढून काढलंत तर डिंकाचा थर सुटतो, कागदही फाटतो. भारतीय रेल्वेच्या शताब्दीचं १९५३चं दोन आण्यांचं तिकीट असं खराब झालं तर फार हळहळ वाटते.

अल्बम उभे ठेवा, पण दाटीवाटीने नको. आडव्या ढिगात खालच्या पानांवर भार येतो आणि तिकिटं हमखास चिकटतात. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा. घट्ट झाकणाच्या डब्यात अल्बमशेजारी ओल शोषून रंग बदलणारी सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून, गार करून परत वापरा. डांबरगोळ्या मात्र नकोत, त्यांची वाफ अल्बममधल्या तिकिटं धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या खराब करते.

तिकीट चिमट्यानेच उचला, बोटांचा घाम पुढे तपकिरी डाग होतो. पाऊस उघडून कोरडं ऊन पडलं की पानं सावलीत उलगडून वारा द्या. थेट उन्हात रंग उडतो, आणि वाफेच्या इंजिनांच्या तिकिटांची शोभा तर रंगातच असते.