गिटहबला एसएसएच की जोडताय? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेला दर रविवारी मी इंजिनिअरिंगच्या मुलांना गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, शिकवतो. तो कोड गिटहब या साइटवर ठेवतात आणि तिथे पासवर्डऐवजी ओळख पटवायला एसएसएच की, म्हणजे दोन फाइलींची जोडी, वापरतात. तिथली ठरलेली तक्रार : "सर, की केली, गिटहबवर टाकली, तरी पुश करताना (कोड वर पाठवताना) पासवर्ड मागतंय." पासवर्ड देऊन भागत नाही, १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने तो घेणं बंद केलंय. अशा वेळी की बहुधा ठीक असते, रिपॉझिटरीचा (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्याचा) पत्ता एचटीटीपीएसचा, म्हणजे वेबसाइटसारखा, राहिलेला असतो. मग कीला कोण विचारणार? 'गिट रिमोट सेट-यूआरएल' ही कमांड वापरून एसएसएचचा पत्ता द्या. त्यात ॲटच्या आधी 'गिट' हेच नाव लागतं, तिथे स्वतःचं युजरनेम घालू नका.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच चुकीची. की तयार केली की दोन फाइली होतात. नावाच्या शेवटी 'पब' असलेली फाइल म्हणजे कुलूप, ते गिटहबवर लावायचं. दुसरी फाइल म्हणजे किल्ली. मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामाची किल्ली कोणी दारालाच अडकवून जात नाही, पण एका मुलाने ही किल्ली प्रोजेक्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. सगळ्यांना एकच की चालेल म्हणून! दुसऱ्याने तर ती कमिट केली, म्हणजे गिटच्या नोंदीत घातली, आणि पुढच्या कमिटमध्ये फाइल काढून टाकली. पण जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. असं झालं तर आधी गिटहबच्या सेटिंगमधून ती की काढा, मग नवी करा. प्रत्येकाची, प्रत्येक लॅपटॉपची की वेगळी हवी.

नवी करताना ईडी२५५१९ प्रकार निवडा. पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) रिकामा सोडू नका. टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, म्हणून कीबोर्ड अडकला असं समजू नका. 'ओव्हरराइट' विचारलं तर थांबा, होकार दिलात की जुनी की गेली.

लिनक्सवर किल्लीच्या फाइलची परमिशन ६०० (फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. 'परमिशन डिनाइड' आलं म्हणून गिटला 'सुडो' लावू नका, मग ते रूटच्या, म्हणजे ॲडमिन खात्याच्या, की शोधत बसतं.

जोडणी तपासताना गिटहबकडून तुमचं नाव घेऊन नमस्कार आला की काम झालं. 'शेल ॲक्सेस देत नाही' हे पुढचं वाक्य म्हणजे एरर नव्हे.

आणि होस्टेलच्या वायफायवर नुसतं टाइमआउट होत असेल तर तिथे पोर्ट २२ (एसएसएचचा नेहमीचा मार्ग) बंद असू शकतो. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) होस्टनेम 'एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम' आणि पोर्ट ४४३ लिहून बघा.