रिंगोचं 'सेंटिमेंटल जर्नी' ऐकायचं कसं?

रिंगो स्टार म्हणजे बीटल्स या इंग्लिश बँडचा ड्रमर, पण आधी बीटल्स डोक्यातून काढा. मी काढले नव्हते. पहिल्यांदा ऐकताना ड्रम शोधत बसलो आणि चौथ्या गाण्याला वैतागून बंद केलं. १९७० चा हा अल्बम रिंगोच्या घरी आई-नातेवाईक गुणगुणायचे त्या गाण्यांचा आहे. म्हणून सुरुवात कव्हरपासून करा: लिव्हरपूलमधला, त्याच्या लहानपणच्या घराजवळचा 'एम्प्रेस' पब, आणि खिडक्यांतून डोकावणारी नातेवाईक मंडळी. बघितलं? आता लावा.

क्रमाने ऐकू नका. गाणी बारा, निर्माता जॉर्ज मार्टिन, पण प्रत्येक गाण्याचा संगीत संयोजक वेगळा. खरी मजा तिथेच आहे. आधी चिको ओ'फॅरिलने संयोजन केलेलं 'नाइट अँड डे' लावा, ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं दणक्यात वाजतात. मग बीटल्समधल्याच पॉल मॅकार्टनीने संयोजन केलेलं 'स्टारडस्ट'. त्याआधी अमेरिकन गायक नॅट किंग कोलचं 'स्टारडस्ट' मात्र ऐकू नका, रिंगो बिचारा उगाच मार खातो! त्याचा आवाज मोजकाच फिरतो. लग्नघरात रात्री उशिरा काका गातात ना, तसा.

हेडफोन नकोत. स्वयंपाकघरात, भाजी निवडताना, बारीक आवाजात लावा.