भात कापणीनंतर कोथिंबीर: वाफे आता तयार करा

गोव्यात कोथिंबिरीचा हंगाम छोटा असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत पेरलेलेच धणे धड साधतात. पुढे ऊन तापते, दिवसही मोठा होत जातो आणि झाड पानांवर न थांबता फुलोऱ्याकडे धावते. एरवी बेळगावहून येणाऱ्या जुडीच्या जोडीला ताजा गावठी माल विकायचा असेल, तर हेच दोन महिने हाती आहेत.

भात काढलेली मोरड (उंचावरची) जमीन किंवा निचऱ्याचा मळा निवडा. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, क्षार असतात, तिथे कोथिंबिरीच्या नादी लागू नका. आपली जांभी माती बहुतेक ठिकाणी आम्ल असते. माती तपासून घ्या आणि गरज निघाली तरच, अहवालात दिलेल्या मात्रेने, पेरणीआधी दोन-तीन आठवडे चुना मिसळा. गुंठ्याला 100 ते 150 किलो कुजलेले शेणखत घाला. वाफा एक मीटर रुंद आणि 10 ते 15 सेंटिमीटर उंच ठेवा.

बहुतेकांचे बिघडते ते बियाण्यात. धण्याचा एक गोल दाणा म्हणजे जोडलेली दोन बिया. दाणे गोणपाटावर पसरून फळीने हलकेच रगडा. दोन डाळिंब्या सुट्या झाल्या की थांबा. जोर लावला तर आतला कोंब चिरडतो आणि ते बी उगवतच नाही. मग रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत सुकवा आणि किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) चोळा. किराणा दुकानातले धणे जुने असू शकतात. ते घ्यायचेच असतील तर आधी मूठभर ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहा.

एक मीटर रुंद, तीन मीटर लांब वाफ्याला 20 ते 25 ग्रॅम बी पुरते. दोन ओळींत 15 सेंटिमीटर अंतर ठेवून एक-दीड सेंटिमीटर खोल पेरा. वर भाताचा पेंढा पातळ अंथरा आणि झारीने पाणी द्या. आठ ते बारा दिवसांत कोंब दिसले की त्याच संध्याकाळी पेंढा उचला, नाहीतर रोपे पिवळी आणि लांबुडकी होतात. रोपे उपटून दुसरीकडे लावू नका, सोटमूळ दुखावते.

पाणी सकाळी द्या. वाफा सतत चिखलट राहिला तर रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. विसाव्या दिवशी खुरपणी करून गुंठ्याला पाऊण किलो युरिया ओळींमध्ये टाका आणि लगेच पाणी द्या. मावा दिसला तर निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूला लागेल असा फवारा. पान थेट जेवणात जाते, म्हणून काढणी जवळ आली असताना रासायनिक औषध मारू नका.

35 ते 45 दिवसांत, झाड वीतभर झाले की उपटा. मधून येणारे नवे पान शेपूसारखे बारीक चिरलेले दिसू लागले, तर फुलाचा दांडा निघालाच म्हणून समजा. दुसऱ्या दिवशी पहाटे तो वाफा रिकामा करा. सगळे वाफे एकदम पेरू नका. दर आठ-दहा दिवसांनी एकेक पेरला तर बाजारात सलग माल जातो. चतुर्थीच्या भावावर डोळा ठेवून उघड्यावर पावसाळी पेरणी करू नका. सरी रोपे झोपवतात, मुळे कुजतात. त्या दिवसांत वर प्लास्टिकचे छप्पर हवेच.