जादा काम स्वीकारण्याआधी मदतीचा हिशेब कसा मांडावा

सरकारी मदतीवर जगणारा माणूस जादा तास नाकारतो तेव्हा लोक त्याला आळशी ठरवतात. बहुतेकदा त्याने हिशेब केलेला असतो आणि तो बरोबर असतो. तो कागदावर असा मांडावा.

घरात येणारी प्रत्येक मदत वेगळ्या ओळीत लिहा आणि तिच्यापुढे कपातीचा नियम. नियम दोन जातींचे असतात. काही मदत उतरत जाते. ब्रिटनच्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे कमी कमाईच्या लोकांना दरमहा मिळणाऱ्या मदतीत, कर वजा जाऊन हातात आलेल्या दर 100 पौंडांमागे 55 पौंड कापतात. 2021 च्या अखेरीपर्यंत 63 कापत. मुलं असणाऱ्यांना आणि आजारपणामुळे कमी काम करू शकणाऱ्यांना सुरुवातीची काही कमाई माफ असते. दुसरी जात कड्यासारखी. तिथल्याच केअरर्स अलाउन्समध्ये, म्हणजे आजारी किंवा अपंग माणसाची काळजी घेणाऱ्याच्या भत्त्यात, आठवड्याच्या कमाईची मर्यादा एका पेनीने ओलांडली तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. कड्याच्या मदतीची मर्यादा लाल शाईने लिहा.

आता जादा कमाईतून कर, सगळ्या कपाती, प्रवास आणि मूल सांभाळण्याचा खर्च वजा करा. लोक एकच कपात धरतात, इथेच चूक होते. एका मदतीत 55 टक्के आणि दुसरीत 20 टक्के कपात असेल, दोन्ही पूर्ण कमाईवर लागत असतील, तर 100 मागे 25 उरतात. मुख्य मदत शून्यावर आली की तिला जोडलेल्या सवलती, म्हणजे शाळेतलं जेवण, औषधं वगैरे, एकदम बंद होऊ शकतात. तेही विचारून घ्या.

पगाराची तारीखसुद्धा बघा. मदतीचा हिशेब महिन्याचा आणि पगार दर चार आठवड्यांनी असेल, तर वर्षात एकदा एकाच महिन्यात दोन पगार पडतात. कमाई वाढलेली नसते, तरी त्या महिन्याची मदत घटते किंवा शून्य होते. तो महिना आधीच कॅलेंडरवर शोधून ठेवा.

बचतीवरही मर्यादा असते, आणि हा नियम मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. अमेरिकेत अपंग आणि वृद्धांसाठीच्या एसएसआय मदतीत एकट्या व्यक्तीकडे 2,000 डॉलरपेक्षा जास्त मोजली जाणारी मालमत्ता चालत नाही. हा आकडा 1989 पासून तोच आहे. गरिबीतून बाहेर पडायला जी शिल्लक लागते तीच इथे अपात्र ठरवते. राहतं घर आणि एक वाहन सहसा मोजत नाहीत. म्हणून काय मोजतात याची यादी लेखी मागा.

कमाई बदलली की मुदतीत आणि लेखी कळवा. एसएसआयमध्ये पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावं लागतं. पोच घ्या, पगाराच्या पावत्या जपा. कार्यालयाने कळवलेलं नोंदवलं नाही, तरी जास्त गेलेली रक्कम बऱ्याचदा तुमच्याकडूनच वसूल होते, तीही कित्येक महिन्यांनी. वसुलीची नोटीस आली तर अपिलाची मुदत आधी बघा आणि हप्ते मागा.

मदत सोडण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा: नोकरी गेली तर परत येण्याची वाट कोणती? नोकरीमुळे एसएसआय बंद झालेल्या अपंग व्यक्तीला 5 वर्षांच्या आत नव्या अर्जाशिवाय ती परत सुरू करण्याची मागणी करता येते. जिथे अशी सोय नाही तिथे नव्या अर्जाला किती दिवस लागतात ते विचारा, आणि बचतीची मर्यादा सांभाळून तेवढ्या दिवसांचा खर्च बाजूला ठेवा.