जुन्या व्हॉल्व्ह रिसीव्हरची ओळख पटवताना या चुका टाळा

इंदूरच्या एखाद्या कबाडी दुकानात राखाडी रंगाचा, दोघांनी मिळून उचलावा लागेल असा व्हॉल्व्हचा (निर्वात नळ्यांवर चालणारा) कम्युनिकेशन रिसीव्हर, म्हणजे लष्करी किंवा व्यावसायिक संदेश ऐकण्याचा रेडिओ संच, दिसला, की विकणारा बहुतेक वेळा ‘महूचा माल आहे’ असे सांगतो. इंदूरजवळच्या महूला लष्कराचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने ही गोष्ट अशक्य नाही. पण तेवढ्यावर ती खरी मानून पुढचे पुरावे तिला जुळवत गेलो, तर शोध सुरू होण्याआधीच भरकटतो.

मी स्वतः याच प्रकारे फसलो. नेमप्लेट नसलेला एक संच समोरच्या बाजूवरून मी अमेरिकेच्या आरसीए कंपनीचा एआर ८८ डी ठरवला आणि आवाज क्षीण येतो म्हणून इंटरमिजिएट फ्रिक्वेन्सी (आलेला प्रत्येक संकेत संचाच्या आत ज्या एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणला जातो ती) ४५५ किलोहर्ट्झवर आणण्यासाठी त्या टप्प्यातल्या ट्रान्सफॉर्मरचे कोअर, म्हणजे जुळणीसाठी फिरवायचे गाभे, फिरवू लागलो. ते टोकापर्यंत गेले, तरी जुळणी होईना. अखेर डायल नीट वाचली, तेव्हा ५५० किलोहर्ट्झनंतरचा पट्टा थेट १.४८ मेगाहर्ट्झला सुरू होत असल्याचे लक्षात आले. तो एआर ८८ एलएफ होता. त्याची इंटरमिजिएट फ्रिक्वेन्सी ७३५ किलोहर्ट्झ असते आणि मध्यम लहरींचा मोठा भाग त्यात मुळातच नसतो. मालवा हाउसहून ६४८ किलोहर्ट्झवर होणारे आकाशवाणीचे प्रसारण त्यावर ऐकू येणे शक्यच नव्हते, आणि मी त्या शांततेला बिघाड समजत होतो. म्हणून मॉडेल पक्के होईपर्यंत एकाही ट्रिमरला (जुळणीच्या स्क्रूला) हात लावू नये. डायलवरचे पट्टे, व्हॉल्व्हची संख्या व प्रकार आणि इंटरमिजिएट फ्रिक्वेन्सी ही तिन्ही एकाच मॉडेलकडे बोट दाखवतात का, हे आधी पाहावे. काही संच तर डायलवरूनच कळतात: नॅशनल कंपनीच्या एचआरओच्या डायलवर फ्रिक्वेन्सी नसून शून्यापासून ५०० पर्यंतचे आकडे असतात, आणि खरी फ्रिक्वेन्सी समोरून बसवायच्या कॉइल-खणावरील आलेखावरून वाचावी लागते.

खुणांचा अर्थ लावतानाही घाई नडते. रुंद बाणाची खूण ब्रिटिश सरकारची मालकी सांगते, निर्माता सांगत नाही. एआर ८८ अमेरिकेत तयार झाला, पण दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांना साहित्य पुरवणाऱ्या अमेरिकेच्या लेंड-लीज योजनेतून त्याचे अनेक संच ब्रिटनला गेले. ‘१०डी’ने सुरू होणारा क्रमांक हा रॉयल एअर फोर्सच्या भांडाराचा, ‘एपी’ नौदलाचा आणि ‘झेडए’ ब्रिटिश लष्कराचा. मार्कोनीचा सीआर १०० नौदलात बी २८ या नावाने ओळखला जात असे, त्यामुळे एकाच नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती निम्मीच माहिती लागते. व्हॉल्व्हचेही तसेच आहे. ब्रिटिश सैन्यदलांच्या क्रमांकातला सीव्ही १३८ म्हणजे बाजारातला ईएफ ९१ आणि अमेरिकन लष्कराचा व्हीटी ११७ म्हणजे ६एसके७, हे माहीत नसेल तर सहज मिळणारा व्हॉल्व्हही दुर्मीळ वाटू लागतो.

व्हॉल्व्हवरच्या तारखेवरून संचाचे वय ठरवू नये, कारण व्हॉल्व्ह वारंवार बदलले जात. ज्यांचा डाख कारखान्यातलाच आहे अशा कंडेन्सरांवरील तारखा पाहाव्यात. त्यांतली सर्वांत अलीकडची जी असेल, त्याआधी संच बनलेला नसतो.

‘चालत नाही’ म्हणून स्वस्तात मिळालेला संच कदाचित बिघडलेलाच नसेल. ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बर विमानात वापरल्या गेलेल्या आर ११५५ मध्ये पॉवर सप्लाय नसतो आणि स्पीकर चालवणारा व्हॉल्व्हही नसतो. अमेरिकन बीसी ३४८ हा विमानाच्या २८ व्होल्टवर डायनामोटरने (कमी व्होल्टपासून जास्त व्होल्ट तयार करणाऱ्या फिरत्या यंत्राने) चालत असे. त्यांच्यात घरगुती वीज सोडणे म्हणजे संच गमावणे होय. अनेक अमेरिकन संच ११५ व्होल्टसाठी बनलेले असतात. ट्रान्सफॉर्मरचे टॅपिंग (तो किती व्होल्टसाठी जोडला आहे ते) न पाहता ते २३० व्होल्टवर लावल्यास ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तसा दुसरा मिळवणे फार अवघड असते.

आणलेला संच त्याच संध्याकाळी चालू करून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. जुने कागदी कंडेन्सर बहुतेक गळतात. आधी फिल्टर कंडेन्सर (पॉवर सप्लायमधले मोठे कंडेन्सर) तपासावेत, मग ६० किंवा १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब असलेल्या सिरीज बोर्डवरून, म्हणजे बल्बमधून जाऊनच वीज संचाला मिळेल अशा जोडणीवरून, वीज द्यावी. बल्ब प्रखर पेटूनच राहिला तर लगेच बंद करावे. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडवर, म्हणजे संकेत आत येणाऱ्या टोकावर, धन व्होल्टेज आढळल्यास तिथला कपलिंग कंडेन्सर सर्वप्रथम बदलावा. बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात, म्हणून रेझिस्टरमधून ते रिकामे केल्याशिवाय आत हात घालू नये.

साफसफाई मात्र सर्वांत शेवटी करावी. स्पिरिटच्या बोळ्याने पॅनेलवरची अक्षरे धुळीबरोबर निघून जाऊ शकतात, आणि चासीवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) दुरुस्ती करणाऱ्याने पेन्सिलीने लिहिलेली तारीख किंवा चिकटवलेली युनिटची चिठ्ठीही. संच खरोखर महूचा असेल, तर ते सिद्ध करणारा कागद बहुधा तीच चिठ्ठी असते. म्हणून फडके हाती घेण्याआधी आतून-बाहेरून, तळाची पत्री काढूनही, छायाचित्रे घेऊन ठेवावीत.